नावावरून पत्ता: डीएनएसबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहान दुकानं, शाळा, पतसंस्था, दोन-चार डॉक्टर अशांच्या वेबसाइट आणि मेल सांभाळणं हा माझा धंदा. "साइट बंद पडली हो" असा फोन आला की पुष्कळदा साइट व्यवस्थित चालू असते, फक्त नावावरून तिचा पत्ता सापडत नसतो. तेच ते प्रश्न फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर इतक्यांदा आले की शेवटी एका जागी लिहून काढले. प्रश्न लोकांच्याच भाषेत ठेवले आहेत. इथे नावं, आकडे आणि आज्ञा देवनागरीत दिल्या असल्या तरी मशीनवर त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायच्या. (हे सांगावं लागतं. अनुभव आहे.)

१. डीएनएस म्हणजे काय, ते एका दमात सांगाल का?

नाव दिलं की पत्ता सांगणारी व्यवस्था. कॉम्प्युटर एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत, आकड्याने मारतात. त्या आकड्याला आयपी पत्ता म्हणतात. जुन्या पद्धतीचा, म्हणजे आयपीव्ही४ चा पत्ता चार आकड्यांचा असतो आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला असतो. असे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. ते पुरेनात म्हणून १२८ बिटांचा लांबलचक आयपीव्ही६ आला. माणसाला यातलं काही पाठ होत नाही, म्हणून नावं.

बरेच जण याला टेलिफोन डिरेक्टरी म्हणतात. मला ती उपमा पटत नाही. डिरेक्टरी एकाच कचेरीतून छापून येते. डीएनएसचं सगळं पुस्तक जगात कुठेही एकत्र ठेवलेलं नाही, आणि पुढच्या जवळजवळ सगळ्या भानगडी त्यातूनच निघतात.

२. मी नाव टाइप करतो आणि पान उघडतं. मधल्या वेळात आत काय घडतं?

समजा तुम्ही महाराष्ट्र शासनाची साइट उघडताय: महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन. आपण नाव डावीकडून वाचतो, शोध मात्र उजवीकडून सुरू होतो.

तुमचा मोबाइल किंवा कॉम्प्युटर स्वतः फार धावपळ करत नाही. तो एका रिझॉल्व्हरला विचारतो. रिझॉल्व्हर म्हणजे तुमच्या वतीने पायपीट करणारा सर्व्हर. तो बहुधा तुमच्या इंटरनेट कंपनीचा असतो. त्याला उत्तर आधीपासून माहीत नसेल तर तो निघतो. अनोळखी गावात एसटी स्टँडवर उतरून एखाद्याचं घर विचारत जावं तसा हा प्रकार आहे. आधी रूट सर्व्हरला विचारतो. रूट म्हणतो, "घर मला ठाऊक नाही, पण डॉट इनवाले अमुक ठिकाणी बसतात, त्यांना विचार." डॉट इनवाले म्हणतात, "जीओव्ही डॉट इनचा कारभार अमक्याकडे आहे." तो कारभार राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे, म्हणजे एनआयसीकडे आहे. तिथे, किंवा ते पुढे जिथे पाठवतील तिथे, शेवटी पत्ता मिळतो. मग ब्राउझर त्या पत्त्यावर जाऊन पान मागतो.

हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकतं. मिळालेलं उत्तर रिझॉल्व्हर लगेच विसरत नाही, काही काळ जवळ ठेवतो. या साठवणीला कॅश म्हणतात. खिशातली कॅश वेगळी. पुढच्या माणसाने तेच नाव विचारलं तर पायपीट वाचते.

म्हणून कुठलीही तक्रार आली की मी दोनच गोष्टी बघतो: हे उत्तर कोणी दिलं, आणि कधीचं आहे?

३. ही पद्धत कोणाच्या डोक्यातून निघाली?

इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेटवर यंत्रं मोजकी होती आणि सगळ्यांची नावं-पत्ते होस्ट्स डॉट टीएक्सटी नावाच्या एकाच फाइलमध्ये असत. ही फाइल कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट सांभाळायचा. नवं यंत्र जोडलं की त्यांना फोन किंवा मेल करून नाव चढवून घ्यायचं, आणि बाकीच्यांनी ताजी फाइल अधूनमधून उतरवून घ्यायची. यंत्रं वाढली तशी फाइल फुगली. उतरवून घेणाऱ्यांची गर्दी झाली आणि फाइल सगळीकडे पोहोचेपर्यंत जुनी होऊ लागली.

संगणकशास्त्रज्ञ जॉन पोस्टेल यांनी हे कोडं दुसरे संगणकशास्त्रज्ञ पॉल मॉकापेट्रिस यांच्याकडे सोपवलं. त्यांनी १९८३ मध्ये डीएनएसचा आराखडा मांडला. १९८७ मध्ये सुधारून आलेली त्याची दोन टिपणं, आरएफसी १०३४ आणि १०३५, आजही पाया आहेत. डॉट कॉममधलं पहिलं नाव, सिम्बॉलिक्स डॉट कॉम, १५ मार्च १९८५ रोजी नोंदलं गेलं.

मॉकापेट्रिस यांची खरी करामत वेग वाढवण्यात नव्हती. त्यांनी कारभार वाटून दिला. प्रत्येकाने आपल्या हद्दीतली नावं सांभाळायची, आणि वरच्याने फक्त "पुढे कोणाला विचारायचं" एवढंच लक्षात ठेवायचं.

४. जगात फक्त तेराच रूट सर्व्हर आहेत म्हणे. ते पाडले की इंटरनेट बंद?

तेरा नावं आहेत, ए पासून एम पर्यंत. ती बारा संस्था चालवतात, कारण व्हेरिसाइन या कंपनीकडे दोन आहेत. तेराच का? जुन्या नियमानुसार यूडीपीवरून (सुट्या पाकिटांत निरोप पाठवायच्या साध्या पद्धतीने) येणारं डीएनएसचं उत्तर ५१२ बाइटांत मावावं लागे, आणि तेवढ्यात तेराच नावं-पत्ते नीट बसत.

पण एका नावामागे एकच यंत्र नसतं. एनीकास्ट नावाच्या युक्तीने तोच पत्ता जगभर शेकडो ठिकाणी जाहीर केलेला असतो आणि तुमचा प्रश्न जवळच्या प्रतीकडे जातो. मुंबईतही अशा प्रती आहेत. शिवाय "डॉट इनवाले कुठे बसतात" हे रूटचं उत्तर रिझॉल्व्हर दोन दिवस जवळ ठेवू शकतो. म्हणजे रूट थोडा वेळ गप्प बसले तरी तुम्हा-आम्हाला कळणारही नाही.

५. डोमेन एकाकडून घेतलं, होस्टिंग दुसऱ्याकडून. आता तिसराच माणूस "नेमसर्व्हर द्या" म्हणतो. कोण कोणाचं काय करतो?

इथे चार वेगळी कामं आहेत. एकाच कंपनीने चारही विकली तर ती एकच वाटतात.

डोमेन, म्हणजे तुमच्या साइटचं नाव, कोणाच्या नावावर आहे याचा सातबारा रजिस्ट्रीकडे असतो. डॉट इनसाठी २००५ पासून हे काम निक्सी ही संस्था बघते. तुम्ही पैसे भरता तो रजिस्ट्रार, म्हणजे रजिस्ट्रीत तुमची नोंद करून देणारा. तुमच्या हद्दीतली नावं आणि त्यांचे पत्ते ज्या सर्व्हरवर लिहून ठेवलेले असतात ते नेमसर्व्हर. आणि साइटच्या फाइली जिथे ठेवल्या ते होस्टिंग. रजिस्ट्रारकडे जाऊन नेमसर्व्हर बदलणं म्हणजे रजिस्ट्रीला सांगणं, की "माझ्याबद्दल कोणी विचारलं तर यापुढे यांच्याकडे पाठवा."

एक कळकळीची विनंती: रजिस्ट्रारचं खातं स्वतःच्या नावावर, स्वतःच्या मेलवर काढा. साइट बनवून देणाऱ्याने डोमेन स्वतःच्या खात्यात घेतलं आणि दोन वर्षांनी फोन उचलणं बंद केलं, अशी माणसं माझ्याकडे येतात. सातबारा दुसऱ्याच्या नावावर असेल तर मी तरी काय करणार?

६. ए, सीनेम, एमएक्स, टीएक्सटी... एवढे रेकॉर्ड कशाला?

एका नावाबद्दल लोक वेगवेगळे प्रश्न विचारतात, म्हणून. ए रेकॉर्ड आयपीव्ही४ पत्ता सांगतो, चार वेळा ए लिहिलेला रेकॉर्ड आयपीव्ही६ चा. सीनेम म्हणतो, "हे टोपणनाव आहे, खऱ्या नावाकडे जा." एमएक्स सांगतो की या डोमेनची टपाल कुठे टाकायची. एनएस म्हणजे नेमसर्व्हर. टीएक्सटीमध्ये मोकळा मजकूर असतो. मेल खरा कोणी पाठवला हे तपासणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क यांच्या नोंदी त्यातच येतात. एसओए हा त्या हद्दीचा मथळा असतो. एरवी त्याच्याकडे कोणी बघत नाही, पण प्रश्न ९ मध्ये तोच त्रास देतो.

७. पत्ता बदलला तर "४८ तास लागतील" असं सगळे सांगतात. खरंच लागतात का?

बहुतेकदा नाही. हे उत्तर ग्राहकाला दोन दिवस गप्प बसवायला फार सोयीचं आहे, एवढंच.

लोक म्हणतात, बदल "पसरायला" वेळ लागतो. मुळात काही पसरतच नाही. नेमसर्व्हरवर बदल केला की त्या क्षणी नवं उत्तर तयार असतं. वेळ लागतो तो जगभरच्या रिझॉल्व्हरांना जुनं उत्तर विसरायला. प्रत्येक रेकॉर्डवर टीटीएल नावाचा आकडा असतो, म्हणजे हे उत्तर किती सेकंद जवळ ठेवावं. ३६०० असेल तर एक तास. ज्याने बदलाच्या पाच मिनिटं आधी विचारलं तो आणखी ५५ मिनिटं जुनं उत्तर देत राहील. ज्याने विचारलंच नव्हतं त्याला नवंच मिळेल.

मग ४८ तास आले कुठून? नेमसर्व्हर बदलले तर नोंद तुमच्या नव्हे, वरच्याच्या हातात असते. डॉट कॉमच्या सर्व्हरवर त्या नोंदीचा टीटीएल १,७२,८०० सेकंद आहे, म्हणजे बरोबर दोन दिवस. तो तुम्हाला कमी करता येत नाही.

साधा पत्ता बदलायचा असेल तर आदल्या दिवशी टीटीएल ३०० करून ठेवा. जुन्या टीटीएलएवढा वेळ जाऊ द्या, मग पत्ता बदला आणि सगळं सुरळीत दिसलं की टीटीएल पुन्हा वाढवा. बदलाच्या दिवशी टीटीएल कमी करून काही उपयोग नाही. जुना आकडा लोकांनी आधीच नेलेला असतो. आणि काहीही झालं तरी जुना सर्व्हर दोन-तीन दिवस चालू ठेवा. भाडं वाचवायला तो त्याच रात्री बंद करणारे लोक मी बघितले आहेत.

८. मोबाइलवर नवी साइट दिसते, कॉम्प्युटरवर जुनीच. असं कसं?

उत्तर साठवणारे एकापेक्षा जास्त आहेत: ब्राउझर, विंडोजसारखी प्रणाली, घरचा राउटर आणि कंपनीचा रिझॉल्व्हर. मोबाइल डेटावर असेल तर त्याचा रिझॉल्व्हरच वेगळा. म्हणून एकाच टेबलावरच्या दोन यंत्रांना वेगळी उत्तरं मिळू शकतात.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस ही आज्ञा द्या, ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा, राउटर बंद-चालू करा. रिझॉल्व्हरची साठवण तुमच्या हातात नाही, तिथे टीटीएल संपायची वाट बघायची (प्रश्न ७). एनएसलुकअप (नावाचा पत्ता विचारणारी आज्ञा) देऊन नवाच पत्ता येत असेल आणि पान तरी जुनं दिसत असेल, तर डीएनएसला शिव्या देऊ नका. ते ब्राउझरने साठवलेलं पान आहे.

९. रेकॉर्ड टाकून अर्धा तास झाला, तरी "असं नाव नाही" येतं. टीटीएल तर ३०० ठेवला होता!

तुम्ही रेकॉर्ड टाकायच्या आधी ते नाव उघडून बघितलंत का? बहुधा बघितलंत. "असं नाव नाही" हेसुद्धा एक उत्तर आहे आणि रिझॉल्व्हर तेही साठवतो. किती वेळ, हे रेकॉर्डच्या टीटीएलवरून ठरत नाही. रेकॉर्ड तर तेव्हा नव्हताच! ते एसओएमधल्या आकड्यावरून ठरतं. हा नियम १९९८ पासून लेखी आहे. अनेक ठिकाणी तो आकडा तासाभराचा असतो. उपाय एकच: आधी रेकॉर्ड टाका, मग नाव उघडा. उतावीळपणाची शिक्षा तासाभराची.

१०. डीएनएस ८.८.८.८ केलं की नेट फास्ट होतं का?

डाउनलोडचा वेग बदलत नाही. बदलतो तो फक्त पायपीट करणारा (प्रश्न २). तुमच्या कंपनीचा रिझॉल्व्हर रडतखडत चालत असेल तर पानं चटकन उघडायला लागल्यासारखी वाटतील. ८.८.८.८ गूगलचा आहे, २००९ पासूनचा. १.१.१.१ क्लाउडफ्लेअरचा, २०१८ पासूनचा. ९.९.९.९ हा क्वाड नाइनचा आहे आणि तो फसव्या म्हणून माहीत असलेल्या नावांना उत्तरच देत नाही. घरात ज्येष्ठ मंडळी येईल त्या लिंकवर टिचकी मारत असतील तर मी हा शेवटचा लावून देतो.

११. मी कोणत्या साइट बघतो हे माझ्या इंटरनेट कंपनीला डीएनएसमधून कळतं का?

साध्या डीएनएसमध्ये कळतं. प्रश्न पोस्टकार्डासारखा उघडा जातो, वाटेतला कोणीही वाचू शकतो. रिझॉल्व्हर बदलला तरी पोस्टकार्ड त्यांच्याच तारेवरून जातं.

त्यावर दोन पाकिटं निघाली. २०१६ मध्ये डीएनएस ओव्हर टीएलएस आणि २०१८ मध्ये डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये "प्रायव्हेट डीएनएस" म्हणून दिसतं ते पहिलं. ब्राउझरमधलं "सिक्युअर डीएनएस" म्हणजे दुसरं. यातून प्रश्न झाकला जातो, सगळं नाही. पुढे तुम्ही कोणत्या आयपीशी बोलता ते कंपनीला दिसतंच, आणि जोडणी सुरू होताना साइटचं नावही अनेकदा उघडं जातं. शिवाय विश्वास संपत नाही, फक्त जागा बदलतो: कंपनीला कळत होतं ते आता रिझॉल्व्हरवाल्याला कळतं.

१२. नवी साइट झकास चालू झाली, पण त्या दिवसापासून एकही मेल आलेला नाही!

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींतली ही सर्वांत महागडी. एका कारखानदाराच्या चौकशीच्या मेल चार दिवस कुठेच पोहोचल्या नव्हत्या आणि त्यांना वाटत होतं, मंदी आहे.

होतं असं की साइट बनवणारा म्हणतो, "आमचे नेमसर्व्हर लावा." ते लावले की तुमच्या हद्दीचं अख्खं दफ्तर बदलतं. नव्या दफ्तरात साइटचा पत्ता असतो, पण जुन्यातले एमएक्स, एसपीएफ आणि डीकेआयएम कोणी उतरवून घेतलेलेच नसतात. आता मेलसाठी विचारणाऱ्याला एमएक्स सापडला नाही तर तो नियमाप्रमाणे ए रेकॉर्डवरच्या यंत्राकडे जातो, म्हणजे नव्या वेबसाइटच्या सर्व्हरकडे. तिथे टपाल घेणारं कोणी नसतं. किंवा त्याहून वाईट, घेणारं असतं आणि मेल भलत्याच रिकाम्या पेटीत साठत जातात.

नेमसर्व्हर बदलण्याआधी जुन्या पॅनेलमधल्या, म्हणजे रेकॉर्ड जिथे भरतात त्या पानावरच्या, सगळ्या रेकॉर्डांचे स्क्रीनशॉट काढा. साइट फक्त हलवायची असेल तर नेमसर्व्हर बदलायची गरजच नाही, ए रेकॉर्ड बदलला की भागतं. बनवणाऱ्याला हे सांगा. तो कुरकुरेल, ठाम राहा.

१३. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूला सीनेम लावता येतो, नुसत्या डोमेनला का लावता येत नाही?

सीनेमचा नियम आहे: ज्या नावाला सीनेम आहे त्याला दुसरा रेकॉर्ड नको. टोपणनावाला स्वतःची मालमत्ता नसते. पण नुसत्या डोमेनला एसओए आणि एनएस असावेच लागतात, म्हणून तिथे सीनेम बसत नाही. काही पॅनेल "एलियास" किंवा "एनेम" देतात. ते आतल्या आत खऱ्या नावाचा पत्ता शोधतात आणि बाहेर साधा ए रेकॉर्ड म्हणून सांगतात. पॅनेलमध्ये ती सोय असेल तर खुशाल वापरा.

१४. डोमेन मराठीत घेता येतं का?

येतं. देवनागरीतलं डॉट भारत २७ ऑगस्ट २०१४ पासून सुरू आहे आणि मराठी, हिंदी, कोकणीसह देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या अनेक भाषांना चालतं. पण डीएनएसच्या वापरात अजूनही इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघच चालते. त्यामुळे ब्राउझर तुमचं नाव पडद्यामागे प्यूनीकोडमध्ये बदलतो. एक्सएन आणि दोन आडव्या रेघा, मग अगम्य अक्षरांची माळ. कधी पत्त्याच्या पट्टीत असं दिसलं तर घाबरू नका. टिंबांमधल्या एका भागाची मर्यादा ६३ अक्षरांची असते आणि ती या माळेवर मोजली जाते. म्हणून मराठी नाव आटोपशीर ठेवा.

आता खास आपली गोम. "दर्या" म्हणजे समुद्र आणि "दऱ्या" म्हणजे डोंगरातल्या. हा अर्धचंद्रासारखा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक, नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि मागोमाग न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे, यंत्राला मात्र वेगळे. २००३ च्या जुन्या नियमांत ते अदृश्य चिन्ह सरळ गाळलं जायचं, म्हणजे तुमच्या दऱ्यांचा समुद्र व्हायचा. नंतरच्या नियमांनी त्याला अटींसह जागा दिली, पण सगळी सॉफ्टवेअर एकसारखी वागतीलच असं नाही. माझा सल्ला: मराठी डोमेनमध्ये हा र टाळा.

मराठी डोमेनवरचा मेल पत्ता अजून बरेच फॉर्म नाकारतात. जोडीला एक इंग्रजी डोमेन ठेवाच.

१५. त्याच नावाला मला पुण्यात एक आयपी दिसतो, अमेरिकेतल्या भावाला दुसरा. कोणी गडबड करतंय का?

नाही. मोठ्या साइट मुद्दाम विचारणाऱ्याच्या जवळच्या सर्व्हरचा पत्ता देतात. विचारणारा म्हणजे इथे बहुधा रिझॉल्व्हर, तुम्ही नव्हे. म्हणून लांबच्या देशातला रिझॉल्व्हर लावला तर व्हिडिओ अडखळू शकतो.

१६. नेमसर्व्हर न बदलता नवी साइट आधी बघता येईल?

येईल. प्रश्न ३ मधल्या फाइलची नात अजून प्रत्येक कॉम्प्युटरवर आहे. तिचं नाव होस्ट्स. तीत नवा आयपी, मोकळी जागा आणि साइटचं नाव लिहा. तेवढ्या यंत्रापुरतं डीएनएसला विचारलंच जात नाही. काम झालं की ओळ पुसा. न पुसलेल्या ओळीपायी मी स्वतः एकदा पूर्ण दुपार घालवली आहे.

१७. ऑफिसमध्ये आमचं सॉफ्टवेअर नावाने उघडतं, घरून नाही. नाव तर तेच!

ऑफिसमधला नेमसर्व्हर वेगळं उत्तर देतो. त्याचं उत्तर १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारं असेल तर तो खासगी पत्ता आहे, त्या इमारतीबाहेर त्याला अर्थ नाही. घरून व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या जाळ्यात शिरायची खासगी वाट, लावा. व्हीपीएन लावूनही उघडत नसेल तर ब्राउझरमधलं सिक्युअर डीएनएस (प्रश्न ११) तपासा. तो ऑफिसच्या नेमसर्व्हरला बाजूला सारून परस्पर बाहेर विचारत असेल. शेवटी डॉट लोकल असलेली नावं आणखी वेगळी. ती बाहेर कोणालाच विचारली जात नाहीत, प्रिंटरसारखी यंत्रं खोलीतल्या खोलीत एकमेकांना हाका मारतात.

१८. कोणी मधल्या मध्ये खोटा पत्ता देऊ शकतं का?

देऊ शकतं. मुळात डीएनएसमध्ये उत्तर देणाऱ्याची ओळख पटवायची सोयच नव्हती. रिझॉल्व्हर प्रश्नावर एक क्रमांक घालतो आणि तोच क्रमांक असलेलं पहिलं उत्तर खरं मानतो. क्रमांक ६५,५३६ पैकी एक. २००८ मध्ये सुरक्षा संशोधक डॅन कामिन्स्की यांनी दाखवलं की अस्तित्वात नसलेली नावं एकामागून एक विचारत राहिलं, तर अंदाज बांधायला हव्या तेवढ्या संधी मिळतात आणि एकदा बरोबर आला की अख्खं डोमेन पळवता येतं. जगभरच्या कंपन्यांनी गुपचूप एकत्र येऊन दुरुस्ती केली: प्रश्न दर वेळी वेगळ्या पोर्टावरून (यंत्राच्या क्रमांक घातलेल्या दारावरून) पाठवायचा, म्हणजे अंदाज कैक पटींनी कठीण.

खरा इलाज डीएनएसएसईसी, म्हणजे उत्तरावर सही. रूटवर ही सही १५ जुलै २०१० पासून आहे. मात्र ती फक्त खरेपणा सांगते, काही झाकत नाही.

यातली एक फसवी अडचण लक्षात ठेवा. सही चालू असताना नेमसर्व्हर बदलले आणि रजिस्ट्रारकडची जुनी डीएस नोंद (कोणती सही खरी मानायची ते सांगणारी) काढायची राहिली, तर सही तपासणाऱ्या रिझॉल्व्हरांना साइट अजिबात सापडत नाही आणि न तपासणाऱ्यांना छान सापडते. "काहींना दिसते, काहींना नाही" ही तक्रार टीटीएल उलटून गेल्यावरही राहिली तर आधी डीएस बघा.

१९. मोठमोठ्या कंपन्याही डीएनएसमुळे बंद पडतात, मग आपलं काय?

४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवत असेल. व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम सहा-एक तास बंद होते आणि लोक आपलाच राउटर बंद-चालू करत बसले होते. देखभालीच्या एका चुकीच्या आज्ञेने फेसबुकच्या डेटा सेंटरांना जोडणारं आतलं जाळं तुटलं. त्यांचे नेमसर्व्हर शाबूत होते. पण मागची डेटा सेंटर दिसेनात, म्हणून ठरवून दिल्याप्रमाणे त्यांनी आपल्याकडे येणारा रस्ताच जाहीर करणं थांबवलं. नाव होतं, पत्ता सांगणारे होते, त्यांच्यापर्यंत जायची वाट नव्हती.

२१ ऑक्टोबर २०१६ ची गोष्ट वेगळी. त्या दिवशी डाइन या नेमसर्व्हर पुरवणाऱ्या कंपनीवर मिराय नावाच्या घुसखोर प्रोग्रॅमने बळकावलेल्या कॅमेऱ्यांसारख्या उपकरणांकडून प्रश्नांचा मारा झाला आणि ट्विटरसह अनेक साइट अमेरिकेत सापडेनाशा झाल्या. ज्यांचे सगळे नेमसर्व्हर त्या एकाच कंपनीकडे होते त्यांना सर्वाधिक फटका बसला. तुमच्या दुकानाच्या साइटसाठी दोन कंपन्यांचे नेमसर्व्हर ठेवायची गरज नाही. रोज लाखोंची उलाढाल नावावर असेल तर आहे.

२०. डोमेनची मुदत काल संपली. गेलं का?

लगेच नाही. रजिस्ट्रार सहसा नेमसर्व्हर काढून घेतो किंवा जाहिरातीचं पान लावतो, म्हणजे साइट आणि मेल दोन्ही बंद. डॉट कॉमसारख्या नावांना आधी साध्या नूतनीकरणाची सवलत मिळते, पण ती किती दिवस ते रजिस्ट्रारवर अवलंबून असतं. मग ३० दिवस दंड भरून सोडवायची मुदत, मग ५ दिवस काहीच करता येत नाही, आणि नंतर नाव कोणालाही खुलं. पैसे भरल्यावरही साइट काही तास दिसली नाही तर कारण प्रश्न ७ मध्ये आहे.

२१. पॅनेलमध्ये नावाच्या शेवटी टिंब का असतं? मी चूक समजून काढून टाकलं.

अरे देवा. ते टिंब म्हणजे रूट. खरं तर प्रत्येक पूर्ण नावाच्या शेवटी ते असतंच, आपण लिहीत नाही इतकंच. शेवटी टिंब असलं की नाव पूर्ण झालं. नसलं की सर्व्हर समजतो, नाव अर्धवट आहे, आणि पुढे तुमचं डोमेन जोडतो. एमएक्समध्ये "मेल डॉट अमुक डॉट कॉम" टिंबाशिवाय लिहिलं तर ते "मेल डॉट अमुक डॉट कॉम डॉट अमुक डॉट कॉम" होतं, आणि मेल बंद.

सगळी पॅनेल अशी कडक नसतात. काही आपणहून टिंब लावतात, काही तर तुम्ही लावलेलं टिंब चूक म्हणून नाकारतात. म्हणून जतन केल्यावर एनएसलुकअपने एमएक्स विचारून बघा. उत्तरात डोमेन दोनदा आलं असेल तर टिंब परत लावा.